शाळेपर्यंतची सायकलवाट: सुरक्षित रस्ता आखतात तरी कसा?

दर वेळेसारखंच हे आपल्या भागाचं लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो तिथे वाक्यं सरळ केलीत, बाकी गप्पा त्याच.

आजचा विषय एका प्रश्नातून आला. माझी ताई पेणजवळ रामवाडीला राहते. भाची आठवीत आहे. मागच्या वर्षी दिवाळीत भाऊबीजेला गेलो होतो, तेव्हा तिने विचारलं, "मामा, तू पुण्यात ऑफिसला सायकलने जातोस ना? मग मला शाळेत का नाही जाऊ देत?"

ताई स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "हायवे दिसत नाही का तुला?"

ताईसाठी विषय तिथे संपला. माझ्यासाठी नाही, कारण दोघींचंही खरं होतं. घरापासून शाळा जेमतेम अडीच किलोमीटर. पोरगी सायकल उत्तम चालवते. पण मधे मुंबई-गोवा हायवे, म्हणजे एनएच ६६. वडखळ-डोलवी पट्ट्यातले ट्रेलर, कोकणात जाणाऱ्या बस, गणपतीच्या आधी मूर्तींचे टेम्पो. ताई चूक कशी म्हणणार?

मी पडलो कोडवाला. मला वाटलं, नकाशा उघडू, रस्ता शोधू, काम झालं. मग कळलं की जगात काही माणसांचं हेच पोट भरायचं काम आहे, वाहतूक नियोजनकाराचं. त्यातले चांगले लोक एक गोष्ट हमखास करतात: आखायच्या आधी त्या रस्त्यावर स्वतः सायकल चालवतात. का, ते आज सांगतो.

सायकल चालवणारे चार प्रकारचे

अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात रॉजर गेलर नावाचे अधिकारी आहेत. शहराच्या सायकल व्यवस्थेचं काम त्यांच्याकडे. साधारण २००६ मध्ये त्यांनी शहरातल्या लोकांचे चार गट पाडले. पहिला बिनधास्त लोकांचा, हे कुठल्याही रस्त्यावर घुसतात. हे एक टक्काही नाहीत. दुसरा सरावलेल्यांचा, थोडी सोय असली की निघतात. हे सात टक्क्यांच्या आसपास. चौथा "नको रे बाबा" वाल्यांचा, साधारण एक तृतीयांश.

आणि मधला तिसरा गट, तब्बल साठ टक्के. यांना सायकल चालवायची असते, पण भीती वाटते.

हे आकडे पोर्टलंडचे आहेत, पेणला तसेच्या तसे लावू नका. पण वर्गवारी लागू होते. मी पुण्यात सायकल चालवतो म्हणजे मी दुसऱ्या गटातला. भाची आणि ताई तिसऱ्या. आणि गंमत अशी, की सायकलचा रस्ता कसा हवा हे विचारायला लोक नेहमी पहिल्या दोन गटांकडेच जातात. हेल्मेट, चकचकीत जर्सी, रविवारची शंभर किलोमीटरची राइड. त्यांना लेन नसली तरी चालतं! ज्यांना लेन हवी ते रस्त्यावर दिसतच नाहीत, कारण ते घरी बसलेत.

कोलंबियातले गिल पेन्यालोसा यांनी यावर सोपी कसोटी दिली: आठ आणि ऐंशी. आठ वर्षांचं पोर आणि ऐंशी वर्षांचे आजोबा, या दोघांना तुम्ही त्या रस्त्याने बिनघोर पाठवाल का? उत्तर "हो" असेल तर तो रस्ता सगळ्यांसाठी चांगला.

सरासरी नाही, सगळ्यात वाईट तुकडा

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. मॅपचं ॲप रस्ता शोधतं तेव्हा प्रत्येक तुकड्याला वजन देतं, बेरीज करतं आणि सगळ्यात कमी बेरजेचा रस्ता दाखवतं. वेळ वाचवायला हे बरोबर आहे. भीतीच्या बाबतीत साफ चूक.

समजा अडीच किलोमीटरपैकी २३५० मीटर रस्ता गल्लीसारखा शांत आहे आणि १५० मीटर हायवे. टक्केवारी काढली तर ९४ टक्के सुरक्षित. पेपरात हे मार्क भारी आहेत. पण ताई टक्केवारी बघत नाही, ती १५० मीटर बघते. आणि तेच शास्त्रीय आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत मेकुरिया, फर्थ आणि निक्सन या अभ्यासकांनी "ताणाची पातळी" मोजायची पद्धत मांडली. रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला १ ते ४ मार्क. १ म्हणजे लहान मूल चालवू शकेल, ४ म्हणजे फक्त बिनधास्त लोक. आणि पूर्ण मार्गाचे मार्क काय? त्यातल्या सगळ्यात वाईट तुकड्याचे. साखळी तिच्या कमजोर कडीइतकीच मजबूत असते, तसं.

यांच्यातले पीटर फर्थ हे बोस्टनमधले प्राध्यापक. ते आपल्या विद्यार्थ्यांना नेदरलँड्सला नेऊन तिथल्या रस्त्यांवर सायकलवर फिरवतात. वर्गात बसून ताणाची पातळी कळत नाही, ती हँडलवर हात असताना कळते.

माझी पहिली पाहणी आणि माझी फजिती

म्हणून मीही ठरवलं, चालवूनच बघायचं. जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी सहाला भाचीची सायकल घेतली. थंडी मस्त, रस्ता मोकळा. घर ते शाळा तेरा मिनिटांत. परत येऊन जाहीर केलं, "काही नाही गं ताई, उगाच घाबरतेस."

ताईने चहाचा कप पुढे केला आणि म्हणाली, "शाळा रविवारी सहाला असते का? उद्या सव्वादहाला जा."

सोमवारी रजा टाकली आणि सव्वादहाला गेलो. वेगळाच रस्ता होता तो. हायवेच्या कडेला सायकल हातात धरून उभा राहिलो, मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. पलीकडे जायला सुरक्षित वाटेल अशी फट मिळायला एक मिनिट पन्नास सेकंद लागले. आणि मी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा माणूस आहे. तेरा वर्षांची मुलगी, घंटा व्हायला पाच मिनिटं उरलेली. ती एक मिनिट पन्नास सेकंद थांबेल?

नियोजनकार पाहणी करतात तेव्हा गर्दीच्या वेळेला, अंधारात आणि पावसातही करतात, ते यासाठी. आम्ही टेस्टिंगमध्ये हीच चूक करतो. रिकाम्या सर्व्हरवर ॲप पळवतो आणि म्हणतो, "माझ्याकडे तर चालतंय."

थोडं गणित, घाबरू नका

त्या फटीचं गणित करू. हायवेची एक बाजू, दोन लेनची, साधारण ७ मीटर रुंद. सायकल हातात धरून माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरा. म्हणजे एक बाजू ओलांडायला सहा सेकंद. निघायचं ठरवायला आणखी दोन. एकूण आठ.

समोरून ८० च्या वेगाने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. आठ सेकंदांत जवळपास १७८ मीटर. म्हणजे मुलीला पावणेदोनशे मीटर लांबची गाडी दिसली पाहिजे, तिचा वेग ओळखता आला पाहिजे आणि मधे झुडूप, होर्डिंग किंवा उभा टेम्पो नको. गाडीचा वेग ४० वर आला तर हेच अंतर ८९ मीटर होतं. अर्धं.

आता ब्रेकचं बघू. ड्रायव्हरला कळून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरा, रस्ता कोरडा धरा. ६० च्या वेगाने जाणारी कार थांबायला सुमारे ३६ मीटर घेते. ३० च्या वेगाने सुमारे १३. वेग अर्धा, अंतर जवळपास एक तृतीयांश, आणि धडकेची ऊर्जा एक चतुर्थांश, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. भरलेला ट्रेलर असेल किंवा रस्ता ओला असेल, तर हे अंतर आणखी वाढणार.

म्हणून सायकलचा रस्ता आखणारे लोक रंग आणि पाट्यांच्या आधी दोन प्रश्न विचारतात. इथे गाड्यांचा वेग किती? तो कमी करता येतो का? येत असेल तर सायकल आणि गाड्या एकत्र चालतील. येत नसेल तर दोघांना वेगळं करायचं, मधे खरोखरचा कठडा टाकून. पांढऱ्या पट्ट्याने ट्रेलर थांबत नाही.

सायकलवर बसलं की काय दिसतं?

गाडीतून फिरणाऱ्या इंजिनिअरला न दिसणाऱ्या गोष्टींची यादी मी पुण्यातल्या रोजच्या फेऱ्यांतून केली आहे.

गटाराची जाळी. तिच्या पट्ट्या रस्त्याच्या दिशेने असल्या तर सायकलचं बारीक चाक आत अडकतं. आडव्या असल्या तर काही होत नाही. खर्च तोच.

पेव्हर ब्लॉक. चालायला बरे, सायकलला खडखडाट. आणि पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरलं की विचारू नका. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे हा फक्त आरामाचा प्रश्न राहत नाही.

उतार-चढाव. प्रत्येक गेटपाशी ट्रॅक खाली उतरतो, परत वर चढतो. कडेला पाच सेंटिमीटरची धार राहिली की पुढचं चाक आपटतं. दहा गेट म्हणजे दहा दणके. चौथ्या दिवशी सायकलवाला मुकाट्याने मुख्य रस्त्यावर येतो, आणि लोक म्हणतात, "बघा, ट्रॅक करून दिला तरी वापरत नाहीत!"

बसथांबा. ट्रॅक थांब्याच्या पुढून गेला की सायकल, बस आणि उतरणारे प्रवासी एकाच जागी. तोच थांब्याच्या मागून वळवला की भांडण मिटतं.

आणि आपल्याकडची खास अडचण: स्कूटर. सायकल जाईल तिथून स्कूटरही जाते. खांब रोवून स्कूटर अडवायला जावं तर व्हीलचेअर अडकते, तीनचाकी सायकलवाला भाजीविक्रेता अडकतो. याला जादूचा उपाय नाही. मुख्य रस्ता तुंबला की स्कूटर ट्रॅकवर चढते, म्हणून दोन्हींचा विचार एकत्रच करावा लागतो.

पुणे आणि बीकेसी: ट्रॅक असून नसल्यासारखा

एके काळी पुण्याची ओळख सायकलींचं शहर अशी होती. २००६ मध्ये सातारा रस्ता आणि हडपसरच्या बाजूला बीआरटी आली, तिच्याबरोबर सायकल ट्रॅकही आले. पुढे कुठे त्यावर टपरी, कुठे विजेचा डीपी, कुठे पार्किंग. 'परिसर' संस्थेचे सुजित पटवर्धन यांच्यासारखी मंडळी १९८० च्या दशकापासून सांगत होती, की रस्ता गाड्यांसाठी नसतो, माणसांसाठी असतो. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातही हेच आहे: वाहनं नव्हे, माणसं हलवा. डिसेंबर २०१७ मध्ये पुणे महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला. त्यात आठशे किलोमीटरहून मोठं जाळं आखलं होतं. कागदावर आजही तो चांगला आराखडा आहे. रस्त्यावर मात्र तुकडे आहेत. माझ्या रोजच्या वाटेवरचा ट्रॅक एका झाडापाशी संपतो. पाटी नाही, उतार नाही, नुसता संपतो.

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ च्या सुमारास सायकल ट्रॅक झाले. त्यांच्यावर गाड्या उभ्या राहू लागल्या. शेवटी २०२५ मध्ये एमएमआरडीएने ते ट्रॅक काढून गाड्यांसाठी जागा वाढवायचं ठरवलं. कारण सोपं आहे. ऑफिसच्या दारात सुंदर ट्रॅक होता, पण कुर्ला किंवा वांद्रे स्टेशनपासून तिथवर सायकलने पोचणंच कठीण. मधली कडी तुटलेली. साखळीचा नियम आठवा!

डच लोकांच्या सायकल मार्गदर्शिकेत पाच कसोट्या आहेत: सलग, थेट, सुरक्षित, आरामाचा आणि बरा वाटणारा. यातला "सलग" हा शब्द आपण नेहमी विसरतो. आणि नियम नव्हते म्हणून हे झालं असंही नाही. भारतीय रस्ते काँग्रेसने सायकल ट्रॅक कसा बांधावा याचं मानक, आयआरसी ११, १९६२ मध्येच काढलं. २०१५ मध्ये ते सुधारलं. माझ्या बाबांच्या वयाचं मानक आहे ते.

"तिकडे जमतं, आपल्याकडे नाही"

हे वाक्य ऐकलं की मी नेदरलँड्सची गोष्ट सांगतो. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त लोक गेले, त्यात चारशेहून अधिक मुलं होती. फिक लांगेनहॉफ या पत्रकाराची मुलगी शाळेत जाताना गेली. त्यांनी लेख लिहिला, त्याचं शीर्षक होतं "बालहत्या थांबवा". त्याच नावाने १९७३ मध्ये आंदोलन उभं राहिलं. आईबाप, पोरं रस्त्यावर उतरली. त्याच सुमारास तेलाचं संकट आलं. मग हळूहळू, दशकं लावून रस्ते बदलले. आज तिथे रस्त्यावर जाणाऱ्यांचा आकडा तेव्हाच्या पाव हिश्श्याहूनही कमी आहे. ते लोक जन्मजात शहाणे नव्हते. त्यांच्याही आया "हायवे दिसत नाही का" म्हणत होत्या.

आपल्याकडे सायकल म्हणजे हौस, असंही नाही. २०११ च्या जनगणनेत कामावर सायकलने जाणारे सुमारे २ कोटी ६० लाख लोक मोजले गेले. राज्य सरकार मानव विकास कार्यक्रमातून १२५ तालुक्यांतल्या शाळकरी मुलींना सायकली देतं. फार चांगली योजना. पण सायकल दिली की निम्मं काम झालं, उरलेलं निम्मं रस्त्याचं आहे. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात साडेचार हजारांहून अधिक सायकलवाले होते.

परत रामवाडीला

त्या सोमवारी हायवेवर मला आणखी एक दिसलं. खूप जण राँग साइडने येत होते. कामगार, दूधवाला, दोन आजी पायी. माझ्या तोंडात आलंच होतं, "शिस्त नाही लोकांना." मग दुभाजकातली मोकळी जागा किती लांब आहे ते चालून पाहिलं. नियमाने जायचं तर चांगलाच वळसा. हायवेच्या कडेला गवतात एक पायवाट पडलेली होती, बरोबर जिथे लोकांना ओलांडायचं असतं तिथे. नियोजनकाराला ती पायवाट म्हणजे फुकटात मिळालेला सर्व्हे. लोकांनी पायाने सांगितलंय, रस्ता इथे हवा.

मग मी दोन मार्ग काढले. पहिला थेट, १५० मीटर हायवेवरून. ताण ४. दुसरा घरांच्या मागून आतल्या रस्त्याने, सातशे मीटर जास्त. त्यात हायवेवरून चालवायचं नाही, फक्त एकदा सरळ ओलांडायचं, जिथे गाड्या वळणामुळे आधीच हळू होतात आणि दुभाजकात उभं राहायला जागा आहे. म्हणजे आठ सेकंदांची मोठी परीक्षा दोन छोट्या परीक्षांत वाटली जाते.

ताई, भाची आणि मी, तिघं तो मार्ग चाललो. मी वहीत झुडपं, अंधाराची जागा, कुत्री लिहीत होतो. भाची म्हणाली, "मामा, ती जाळी लिहिलीस?" गटाराची जाळी, पट्ट्या उभ्या. मी त्याच्यावरून दोनदा गेलो होतो. माझ्या सायकलचे टायर जाड, पण त्या दोन दिवशी तर तिचीच सायकल होती माझ्याकडे! नुसता नशिबाने वाचलो होतो. रोज जाणाऱ्याची नजर ती हीच.

आम्ही फोटो आणि नकाशा लावून संबंधित कार्यालयात अर्ज दिला. चार मागण्या: ओलांडायच्या जागेआधी रंबलर, एक दिवा, झुडपांची छाटणी, जाळी फिरवणं. पाचवी मागणी मी घातली. गणपतीत चाकरमान्यांसाठी याच हायवेवर अवजड वाहनांना काही दिवस बंदी घालतात. म्हणजे ठरवलं तर ट्रेलर थांबवता येतात. मग शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-अर्धा तास तिथे एक माणूस उभा करून गाड्या हळू करता येणार नाहीत का?

अर्जावर आवकचा शिक्का मिळाला. जाळी फिरवली गेली. झुडपं शेजाऱ्यांनीच एका रविवारी कोयत्याने साफ केली. दिवा आणि रंबलर अजून नाहीत. पाठपुरावा चालू आहे.

भाची आता सायकलने जाते, पण अटींवर. शेजारच्या दोन मुलींबरोबर, आतल्या रस्त्याने, हायवे हातात सायकल धरून. पावसाळ्यात चार महिने रिक्षा. हे आठ ते ऐंशीच्या कसोटीत बसत नाही, मला माहीत आहे. पहिले तीन दिवस ताई त्या दुभाजकापर्यंत गेली होती. अजूनही साडेदहाला शाळेत पोचल्याचा निरोप येईपर्यंत तिचा हात फोनपासून लांब जात नाही. ज्या दिवशी ती फोन बघायला विसरेल, त्या दिवशी मी म्हणेन रस्ता झाला.

तुम्ही काय करू शकता?

तुमच्या घरापासून शाळेपर्यंत, स्टेशनपर्यंत किंवा एसटी स्टँडपर्यंतचा रस्ता घ्या. खऱ्या वेळेला जा, रविवारी सकाळी नाही. घरातल्या सगळ्यात लहान किंवा सगळ्यात घाबरणाऱ्या माणसाला बरोबर घ्या. सगळ्यात वाईट तुकडा शोधा, फक्त त्याचे फोटो काढा, थांबावं लागलेले सेकंद मोजा. आणि "रस्ता सुधारा" असा अर्ज करू नका. "इथली जाळी फिरवा, तिथे दिवा लावा" असा करा. छोटी मागणी नाकारायला अवघड जाते.

तुमचा वाईट तुकडा कुठला, ते व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या एखाद्या भागात ऐकवू. तोपर्यंत, गाडी चालवत असाल तर शाळेच्या वेळेला जरा हळू. कोणाची तरी भाची रस्ता ओलांडत असेल.

भेटू पुढच्या भागात!